आमच्या फळ्याची दारं

माझ्या दुकानात रेडिओ साचले आहेत. लोक दुरुस्तीला आणतात, "उद्या नेतो" म्हणतात आणि घरी जाऊन नवीन टीव्ही लावतात. मी एकही फेकलेला नाही. किस्स्यांचंही तसंच झालं. ज्याचा किस्सा तो कधीच विसरून गेला, सांभाळत मी बसलो आहे. आता बसायला जागा राहिली नाही, म्हणून थोडे बाहेर काढतो. ज्याला खोटे वाटतील त्याने वाटून घ्यावे. मी काही शपथ घालत नाही.

आधी फळा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर कोणी शाळेचा समजेल. शाळेच्या फळ्याशी माझा संबंध चौथीलाच संपला. मग माजरीला खाणीत पंपावर हेल्पर, मग मूल शहरापासून आत, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात रेडिओ-टीव्हीचं दुकान. लोक मला डोमाभाऊ म्हणतात. मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे.

तर हा फळा कॉम्प्युटरवर चालतो. इंटरनेट घरोघरी यायच्या आधी परदेशातले हौशी लोक आपापल्या घरी असले फळे चालवत, फोन लावून एकमेकांना निरोप लिहीत. काळा पडदा, हिरवी अक्षरं. फोटो नाही, व्हिडिओ नाही, कोणाचा वाढदिवस नाही. काही येडे अजूनही चालवतात. त्यातला एक येडा आमच्या गल्लीतला प्रफुल. तो बल्लारपूरला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर आहे, सुटीला मोटरसायकलने गावी येतो. गावात मोबाईलची रेंज नव्हती तेव्हा त्याने माझ्या दुकानातल्या भंगार कॉम्प्युटरवर फळा बसवला आणि पंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर वायफायचा अँटिना ठोकला. गावात कुठेही मोबाईल धरा, फळा लागतो. फुकट.

एका वेळी एकच माणूस. हा नियम माझा. प्रफुल म्हणाला, "डोमाभाऊ, एकदम दहा लोक येऊ शकते याच्यावर."

मी म्हटलं, "दहा जण एकदम बोलते त्याले ग्रामसभा म्हणते. एकानं लिवावं, बाकीच्यानं थांबावं."

तो नियम आजही आहे. ज्याला थांबता येत नाही त्याने येऊ नये.

*

मग टॉवर आला. टॉवरसोबत विलास आला. विलास म्हणजे आमचा उपसरपंच. माणूस वाईट नाही, पण पांढरे बूट घालतो. दुकानात उभा राहून म्हणाला, "डोमाभाऊ, टाकीवरचा अँटिना काढून घ्या आता. टाकीले रंग द्याचा आहे. आन् टावर आला ना जी. तुमच्या फळ्यानं असं काय होते जे मोबाईलनं नाई होत?"

मी म्हटलं, "तू नाई दिसत त्याच्यावर."

त्याला राग आला. येऊ दे. त्याने विषय ग्रामसभेत टाकला: फळ्याचा गावाला काही नवीन उपयोग दाखवा, नाहीतर अँटिना उतरवा. म्हणजे टाकीवरून अँटिना गेला की फळा माझ्या दुकानापुरता. तिथे वाचणारा मी एकटा.

प्रफुल म्हणाला, फळ्याला नवीन जोड-प्रोग्राम लावू. परदेशातले लोक त्याला डोअर म्हणतात, फळ्यातून एक दार उघडायचं आणि आत वेगळंच काही. आम्ही दार म्हणू लागलो. फळ्यावर एक कोपरा उघडला, नाव "नवीन दार". ज्याच्या डोक्यात जे येईल ते त्याने लिहावं, प्रफुल बनवेल.

पहिली मागणी माझीच होती. तोवर सगळं एबीसीडीत लिहावं लागे. "pani ala" वगैरे. मी कोणाला तरी बोलावून वाचून घेत असे. मी प्रफुलला सांगितलं, "फळा माझा, लाईट माझी, दुकान माझं, आन् अडाणी मीच?"

त्याने मराठी अक्षरं बसवली. काना-मात्रा पहिले काही दिवस अक्षर सोडून पळत होती, पण मी ओळखत होतो. मीही शाळेत तसाच लिहीत असे.

*

प्रफुलचं पहिलं मोठं दार म्हणजे धानाच्या शेतीचा खेळ. रोज एक चाल खेळायची. रोपांसाठी परहे टाकायचे, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी धरायचं, रोवणी करायची, शेवटी ज्याचं धान जास्त तो जिंकला. अशा खेळांवर परदेशातले फळे चालले म्हणे.

खेळात सगळ्यांत पुढे सुनंदाबाई. टाकीसमोर तिची पिठाची चक्की आहे. बाईचा आवाज चक्कीच्या वर लागतो. दळण घालता घालता ती एका बोटाने चाल खेळायची. सगळ्यांच्या पुढे गेली, आणि एका सकाळी पडद्यावर आलं: तुमच्या बांधीत रानडुकरं शिरली, पीक गेलं.

ती पीठभरल्या हाताने माझ्या दुकानात आली. "कुठी आहे तो प्रफुल? शेतात खरा डुक्कर, मोबाईलमध्ये हा डुक्कर. मले एक तरी पीक घरी आणू द्या ना बाप्पा."

प्रफुलने डुकरं काढून टाकली. मग सगळ्यांनाच भरपूर धान होऊ लागलं. कोणी हरेना.

तेव्हा देवाजी मडावीने फळ्यावर लिहिलं. देवाजी माझ्याच वयाचा, नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे गोंडांच्या लहान वस्तीवर, राहतो. मोह वेचतो, थोडं धान करतो, आणि गरज असेल तेवढंच बोलतो. त्याने लिहिलं, "खेळ चांगला आहे. कोणत्या गावचा आहे?"

प्रफुलने डुकरं परत आणली.

*

देवाजी फळ्यावर कधी मराठीत लिहितो, कधी गोंडीत. विलासने ते ग्रामसभेत काढलं. "अर्ध्या लोकायले समजतच नाई ते काय कामाचं?"

मी तिथेच विचारलं, "तुमचे जीआर कोणाले समजते?"

पण प्रफुलच्या मनाला लागलं. त्याने "नवीन दार"मध्ये लिहिलं, की गोंडीचं आपोआप मराठी करणारं दार बनवतो. शब्द गोळा करू, वर्षभर लागेल.

देवाजी म्हणाला, "वर्ष काऊन? मी आहे ना."

मग दार बनलं ते असं. गोंडी मजकुराखाली एक बटण, "देवाजीभाऊले विचारा". दाबलं की पडद्यावर येई: "ये. चहा घेऊ." बस. आत दुसरं काहीच नाही. प्रफुल म्हणाला, आजवर लिहिलेला हा त्याचा सगळ्यांत लहान प्रोग्राम.

लोक खरंच जाऊ लागले. आधी टिंगल करायला, मग बसायला. ज्यांनी आयुष्यात नाला ओलांडला नव्हता ते टोल्यावर काळा चहा पिऊन दोन-दोन गोंडी शब्द घेऊन येऊ लागले आणि चक्कीवर चुकीचे वापरू लागले. प्रफुल खूश. म्हणाला, ग्रामसभेत हेच दार दाखवू.

ग्रामसभेच्या आधीच देवाजीचा निरोप आला. मराठीत होता, बटणाची गरज पडू नये म्हणून. "साखर संपली. दार लावून घ्या."

*

सुनंदाबाईचं दार मला सगळ्यांत आवडलं. तिचं आणि तिच्या जावेचं अंगणातल्या शेवग्यावरून बोलणं बंद होतं. झाड हिच्या अंगणात, शेंगा जावेच्या बाजूला. दोघी फळ्यावर. एकमेकींचं नाव न घेता दोघी अशा लिहीत, की मलाच दुकानात घाम फुटे.

एक दिवस सुनंदाबाईनेच मागणी टाकली. रागाचा निरोप वेगळ्या दारातून जावा. लिहिला की लगेच पोचू नये, सकाळपर्यंत आत राहावा. सकाळी लिहिणाऱ्याला एकदा दाखवावा आणि विचारावं, "पाठवू का?" हो म्हटलं तरच जावा.

प्रफुलने बनवलं. महिना गेला. तो तोंड पाडून दुकानात आला.

"डोमाभाऊ, हे दार फेल गेलं. लिवते सारे. एकही मेसेज पुढं गेला नाई."

सुनंदाबाई रेडिओची बॅटरी घ्यायला आली होती. तिने ऐकलं.

"मंग चाललं ना रे."

जावेचं-तिचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही. पण शेंगा अर्ध्या-अर्ध्या होतात.

*

मध्ये नागपूरहून एक साहेब आले. त्यांचाही घरी असा फळा आहे म्हणे, छंद म्हणून. त्यांनी आमचा फळा पाहिला, हातात घेऊन पाहिल्यासारखा. बोलायला गोड. म्हणाले, "काका, याला लाइकचं दार लावा. निरोप आवडला की नुसता अंगठा दाबायचा. लोकांचा सहभाग वाढेल."

मी म्हटलं, "आमचा बाप अंगठा लावत होता. त्याले लाज वाटे म्हणून त्यानं मले शाळेत घातलं. आता तुमी शिकलेले लोक मले अंगठ्यावर परत नेऊन राह्यले का?"

साहेब हसले. मी हसलो नाही.

"पण मग आवडलं हे कळणार कसं?"

"आवडलं असं लिवावं. पाच अक्षरं नाई लागत."

जाताना त्यांनी फळ्यावर लिहिलं, "आवडलं." मी मोजून पाहिलं. चार.

*

आता भोंग्याचं दार. इथून पुढचं नीट वाचा.

आमच्याकडे जनावर फिरतं. कोणतं ते मी लिहिणार नाही, तुम्हाला समजलं असेल. आमच्या भागात त्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. नाव काढलं की येतो म्हणतात. शिकलेलेही म्हणतात, फक्त हसून म्हणतात.

प्रफुलने ठरवलं, हे दार बनलं की ग्रामसभा गप्प. माझ्याकडे माजरीच्या भंगारातून आणलेला जुना भोंगा होता. तो आम्ही टाकीवर अँटिन्याच्या बाजूला बसवला. फळ्यावर कोणीही त्या जनावराचं नाव लिहिलं की भोंगा आपोआप वाजेल, लोक सावध होतील. आम्ही नाव न लिहिता, तारेला तार लावून भोंगा तपासला. म्हशी खुंटा उपटून गेल्या, म्हणजे आवाज बरोबर होता.

पुढच्याच आठवड्यात तो नाल्यावर आला. गोऱ्हा ओढून नेला. फळ्यावर निरोपांची रांग लागली. "तो आला." "मोठा मालक नाल्यावर आहे." "पट्ट्यावाला, पट्ट्यावाला." "सांभाळून रहा, कोणापासून ते समजून घ्या."

भोंगा गप्प. कारण नाव कोणीच लिहिलं नाही.

प्रफुल डोकं धरून बसला. "अबे पण नाव काऊन नाई लिवलं कोणी?"

देवाजी म्हणाला, "तू लिवून दाखव."

प्रफुलने की-बोर्डवर बोट ठेवलं. बल्लारपूरला नोकरी करतो, शर्ट इन करतो, पण आई इथलीच ना. बोट उचललं.

तोड सुनंदाबाईने काढली. "काहीच नोको लिवू. कोरा मेसेज पाठवाचा. कोरा आला की भोंगा वाजव."

प्रफुल म्हणाला, कोरा मेसेज कोणताच प्रोग्राम घेत नाही, सगळे त्याला चूक म्हणतात. मी म्हटलं, त्यांच्याकडे म्हणत असतील. मग त्याने तेवढं मोडून नवीन केलं. कोऱ्या मेसेजला रांगेत थांबावं लागत नाही, कोणी फळ्यावर असलं तरी तो आधी जातो. आणि पाठवणाऱ्याचं नावही कुठे उमटत नाही. तेही सुनंदाबाईनेच सांगितलं. त्याची खबर देणाऱ्याचं नाव मागे राहू नये.

नियम एकच ठरला. भोंगा वाजला की ढोरं आत, माणसं आत, दार बंद. मग बाहेर कधी यायचं? ते ठरवायचं राहून गेलं. ज्याने त्याने आपल्या धाडसाप्रमाणे बाहेर यावं, असं चालत आलं. बहुतेक लोक संध्याकाळच्या एसटीचा हॉर्न ऐकून बाहेर येत.

*

ग्रामसभा झाली. आम्ही धानाचा खेळ दाखवला, रागाचं दार दाखवलं, भोंगा सांगितला.

विलास म्हणाला, "भोंगा मोबाईलवरूनही वाजवता येते. ग्रुप बनवू, तिथी टाकू."

मी उभा राहिलो. "तुझ्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचे गुलाब येते. त्या गुलाबातून त्याले कोण शोधणार?"

लोक हसले. पण हसले म्हणून हात वर होत नाहीत. टाकीला रंग सगळ्यांनाच पाहिजे होता. ठराव झाला, अँटिना आणि भोंगा दोन्ही उतरवायचे.

प्रफुल हळूच म्हणाला, "डोमाभाऊ, तुमच्या घरच्या झाडावर लावू."

मी म्हटलं, "नाई. फळा गावाचा आहे. गावाच्या टाकीवर राहीन, नाईतर नाई राहीन. मी काही चोरून चालवत नाई."

उतरवायला माणूस मिळेना, हे मात्र मला बरं वाटलं. लाईनमनचा पाय दुखू लागला. पेंटर म्हणाला, मी फक्त रंग देतो. विलास चिडला. म्हणाला, मीच चढतो.

*

तो चढला त्या दिवशी दुपारी मी चक्कीत होतो. दळण नव्हतं माझं. माझा अँटिना उतरताना मला दुकानात एकटं बसायचं नव्हतं, एवढंच. चक्कीच्या टिनाच्या दाराच्या फटीतून टाकी समोरच दिसते. विलास पांढरे बूट घालून शिडी चढला, वर बसला, खिशातून पाना काढला. पहिला बोल्ट धरला.

आणि भोंगा वाजला.

तो भोंग्याला टेकूनच बसला होता. पाना हातातून सुटला आणि खाली चिखलात गेला. टाकी गळते, खाली कायम चिखल असतो.

एका क्षणात रस्ता साफ. ढोरं आत, माणसं आत. सुनंदाबाईने चक्की बंद केली, दार ओढलं, कडी लावली. आम्ही फटीतून पाहत होतो. वर दोन पांढरे बूट लोंबत होते.

माझा बटणवाला मोबाईल वाजला.

"डोमाभाऊ, कुठी आहे तुमी?"

"आत."

"खाली काही दिसते का जी?"

"खालचं पाहाले बाहेर या लागते."

"मंग मी काय करू?"

"तू तिथी बरा आहे. अँटिना काढून राह्यला होता ना? काढ."

"पाना पडला."

"मंग बस."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. म्हणाला, फॉरेस्टवाल्यांना लावला होता, ते म्हणतात वरच राहा. सरपंचाला लावला, तो उचलत नाही. घरी लावला, बायको म्हणते नियम आहे, दार उघडत नाही. "गेला का तो, एवढं तरी कोणी सांगा ना."

"मले काय मालूम," मी म्हटलं. आणि खरंच मला माहीत नव्हतं.

मी सुनंदाबाईला विचारलं, "बाई, कोणी पाठवला असन?"

"मले काय मालूम," ती म्हणाली. तिच्या मोबाईलच्या काचेवर पिठाचं बोट उठलेलं होतं. पण ते रोजच असतं.

मी म्हटलं, फळा उघडून पाहा, कोणी काही लिहिलं असेल. तिने उघडला. फळ्यावर आलं, "थांबा. दुसरा माणूस आहे." अर्ध्या तासाने पाहिलं, तेच. आणखी वेळाने पाहिलं, तेच. दुपारभर कोणीतरी फळा धरून बसला होता. माझाच नियम, मी कोणाला बोलणार?

एसटीचा हॉर्न वाजला. दारं उघडली. विलास शिडी उतरून आला. बूट पांढरे राहिले नव्हते. पाना चिखलातच राहिला.

तेवढ्यात टोल्यावरून देवाजी आला. टाकीखाली गेला, चिखलाजवळ बसला, ठसे शोधल्यासारखा बराच वेळ खाली पाहत राहिला. मग उठून पायाने तो चिखल सारखा केला.

मी विचारलं, "काय होतं देवाजी?"

"चहा ठेव," तो म्हणाला. "साखर आहे ना तुझ्याकडं?"

चहा ठेवून मी दुकानातला फळा उघडला. आता मोकळा होता. एक नवीन मेंबर झाला होता, दुपारीच. "नवीन दार"मध्ये त्याचा पहिलाच निरोप होता:

"तो गेला हे सांगणारा दुसरा भोंगा पाहिजे. टाकीवरच लावा. अर्जंट. – विलास, उपसरपंच."